वाचकांचे प्रश्न : गच्चीवरून उपग्रह ऐकताना

प्रश्न : डोंगल (यूएसबीत लावायचा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप घेऊन ‘एसओ-५०’ हा हौशी रेडिओ उपग्रह ऐकायचा प्रयत्न करतो. ॲपमधली उपग्रह येण्याची वेळ बरोबर असते, पण ४३६.७९५ मेगाहर्ट्‌झवर नुसती खरखर. मध्येच दोन-चार शब्द येतात नि जातात. ॲम्प्लिफायर घ्यावा का? – एक वाचक, औसा

उत्तर : इतक्यात नको. ते शब्द नेमके केव्हा येतात ते आधी बघा. उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे डॉप्लर परिणामाने वारंवारता सरकते (जवळ येताना वाढलेली, दूर जाताना घटलेली भासते). उगवताना ४३६.८०५ लावा, मग ४३६.८००, माथ्यावर ४३६.७९५, पुढे ४३६.७९० आणि मावळताना ४३६.७८५. माथ्याजवळ ती सर्वांत झपाट्याने बदलते. शब्द दर वेळी मध्यावरच येत असतील तर डोंगल ठीक आहे, फक्त ट्यूनिंग हलवत राहा. सुरुवातीला किंवा शेवटी येत असतील तर डोंगलचा क्रिस्टल (वारंवारता ठरवणारा स्फटिक) चुकतोय. जुन्या स्वस्त डोंगलमध्ये ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भाग) चूक नवी नाही, आणि या वारंवारतेला ती जवळजवळ २२ किलोहर्ट्‌झ भरते. मग पूर्ण पास (उपग्रहाची उगवण्यापासून मावळण्यापर्यंतची फेरी) हातचा जातो. डोंगल वीस मिनिटे तापू द्या, जीएसएम (मोबाइल) टॉवरच्या सिग्नलवरून पीपीएम काढणारा प्रोग्राम चालवा आणि आलेला आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. मे महिन्यात हे काम गच्चीवरच करा. कूलरच्या खोलीत काढलेला आकडा बाहेरच्या उन्हात टिकत नाही.

डोंगलसोबत आलेला छोटा अँटेना बाजूला ठेवा. लाकडी पट्टीवर ३ मिमी जाड तारेची तीन काड्यांची यागी (एकाच दिशेने ऐकणारा अँटेना) करा : मागची ३४ सेंमी, मधली ३२.५ (मध्ये कापून केबलची दोन टोके जोडायची), पुढची ३०. मागची मधलीपासून १३.५ सेंमीवर, पुढची १० वर. मागची आणि पुढची काडी अखंडच हवी. उपग्रह स्वतःभोवती फिरत असल्याने आवाज बुडाला की अँटेना मनगटात पाव वळसा फिरवा. बहुतेकदा तेवढ्याने परत येतो.

केबलबाबत लोक उलट करतात. ‘५० ओहमच हवी’ म्हणून बारीक आरजी-५८ घेतात आणि दहा मीटरमध्ये निम्म्याहून जास्त सिग्नल घालवतात. नुसते ऐकायला डिश टीव्हीची आरजी-६ चांगली. तिच्या ७५ ओहमचा फरक नगण्य. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) ऑटोवर ठेवू नका. शेजारी एलईडी दिवा किंवा इन्व्हर्टर असेल तर तो बंद करून फरक पाहा.

आणि स्क्वेल्च (कमजोर सिग्नलला आवाज बंद करणारी सोय) उघडा ठेवा. खालून कोणी ६७ हर्ट्‌झचा टोन (बोलण्याखाली सतत चालणारा खोल सूर) पाठवला तरच हा उपग्रह बोलतो. मध्यरात्री आपल्या भागावरून जाताना कोणीच हाक दिली नाही, तर तुमचे सगळे बरोबर असूनही शांतताच.

प्रश्न : हातातल्या वॉकीटॉकीवरून ‘एसओ-५०’वर बोलता येईल का? – परभणी

उत्तर : येईल, पण आधी परीक्षा देऊन दूरसंचार विभागाकडून हौशी रेडिओचा परवाना घ्या. वर पाठवायला १४५.८५० मेगाहर्ट्‌झ, एफएम, ६७ हर्ट्‌झ टोन. उपग्रहाचा दहा मिनिटांचा टायमर संपलेला असेल तर आधी क्षणभर ७४.४ हर्ट्‌झचा टोन द्यावा लागतो. एकाच वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह) सांगून थांबा.

प्रश्न : भारताचा ‘हॅमसॅट’ हा हौशी रेडिओ उपग्रह अजून ऐकू येतो का? – नांदेड

उत्तर : नाही. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत गेलेला तो उपग्रह जुलै २०१४ मध्ये बंद पडला.