ज्यांना कधी पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी रडायचं?

"मॅडम, हसणार नसाल तर सांगतो." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या माणसाने अशी सुरुवात केली की पुढचं मला आता अंदाजाने कळतं. कुठल्यातरी ग्रुपवर वर्षानुवर्षं बोलणं असलेलं माणूस गेलेलं असतं. प्रत्यक्ष भेट झालेली नसते, कित्येकदा आवाजही ऐकलेला नसतो. तरी झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, मध्येच डोळे भरून येतात. आणि मग प्रश्न येतो: "ना नात्याचे ना गोत्याचे. मला एवढं का लागावं? हे नॉर्मल आहे का?"

नॉर्मल आहे. पण एवढ्यावर समाधान होऊन कुणी उठून गेलंय, असं माझ्याकडे तरी झालेलं नाही. म्हणून एका गृहस्थांची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं दोन-चार प्रसंगांत आणलं आहे.

वय चाळिशीच्या अलीकडे, हिशेबाच्या कामात. आकाशनिरीक्षणाची हौस असलेल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते बरीच वर्षं होते. त्या ग्रुपचे सर्वांत जुने आणि सर्वांत जाणकार सभासद म्हणजे काका. सगळेच त्यांना काका म्हणायचे. गेले ते हेच. अफाट वाचन, जबर स्मरणशक्ती आणि तिरकस जीभ. दरवर्षी ऑगस्ट आला की कुणीतरी तो मेसेज टाकायचंच: "27 ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, आयुष्यात एकदाच!" काकांचं उत्तर ठरलेलं: "मंगळ चंद्राएवढा दिसेल त्या दिवशी हा मेसेज पुढे पाठवायला कुणी शिल्लक राहणार नाही." आणि त्याखाली खरी हकिगत. 2003 साली त्या तारखेला मंगळ खरोखरच जवळ आला होता, सुमारे 5.6 कोटी किलोमीटरवर. पंचाहत्तर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल, असं मूळ मजकुरात होतं. पुढे पाठवता पाठवता लोकांनी दुर्बीण गाळली आणि चंद्र ठेवला.

हे सगळं सांगताना ते हसत होते. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "बायको म्हणते, तुझे सख्खे मामा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेलास. आणि आता हे काय?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बरोबरच आहे तिचं. मला लाज वाटते, मॅडम."

एकीकडे दुःख आणि दुसरीकडे दुःख झाल्याची लाज, अशी दोन ओझी एकदम उचलून माणूस येतो आणि दोन्हीला मिळून 'त्रास' म्हणतो. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, त्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा त्या लाजेकडे जातं. माणूस गेल्याचं दुःख होणं निरोगी आहे, ते घालवायचं नसतंच. पण "मला इतकं वाईट वाटताच कामा नये" हा हुकूम आपणच आपल्याला सोडलेला असतो. तो मागे घेता येतो, आणि मागे घेतला की अर्धं ओझं उतरतं. इतर विचारसरणीचे माझे सहकारी म्हणतील की आधी दुःखाला वाट द्या. मला वाटतं, लाज दारात बसलेली असताना दुःखाला वाट मिळत नाही.

मी त्यांना विचारलं, "किती दुःख व्हावं, याचा हिशेब तुम्ही कशावर लावताय?"

"नात्यावर. भेटीगाठींवर."

"मामांशी शेवटचं मनापासून बोलणं कधी झालं होतं?"

त्यांना आठवेना. काकांशी? रोज रात्री, जवळजवळ न चुकता.

समाजाने ज्याला जागा दिलेली नाही अशा दुःखाबद्दल केनेथ डोका या अभ्यासकाचं पुस्तक 1989 मध्येच आलं. घटस्फोटित जोडीदार, गुप्त ठेवलेलं नातं, गर्भपात, पाळलेलं जनावर अशा ठिकाणी माणूस मोडून पडतो, पण त्याला कुणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही, "कसा आहेस" असं कुणी विचारत नाही. फोनच्या पडद्यावरची ओळख त्याच रांगेतली. काही जण इथे घाईने म्हणतात, की हे म्हणजे नटनट्यांच्या चाहत्यांसारखं एकतर्फी प्रेम. ते चूक आहे. हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 मध्ये ज्या एकतर्फी जवळिकीबद्दल लिहिलं, तिच्यात पडद्यावरचा माणूस तुम्हाला ओळखत नसतो. काका ओळखत होते. उत्तर देत होते, नावानिशी चिडवत होते.

पुढच्या भेटींमध्ये अपराधीपणा वर आला. बातमी येण्याच्या तीन दिवस आधी, बुधवारी, काकांनी त्यांना वेगळा मेसेज केला होता: "शुक्रवारी आकाश मोकळं आहे. बघणार का?" कामाच्या गडबडीत उत्तर राहिलं. शनिवारी बातमी आली.

"मी नुसतं 'हो' लिहायला हवं होतं."

"ते जाणार हे माहीत होतं तुम्हाला?"

"नाही."

"मग शनिवारी कळलेल्या गोष्टीवरून बुधवारच्या माणसाला शिक्षा का देताय? बुधवारी तुमच्याकडे एक साधा मेसेज होता आणि डोक्यावर काम होतं. आणि काकांना उत्तर उशिरा आलेलं चालायचं की नाही?"

"उलट स्वतःच दोन-दोन दिवस लावायचे. 'विचार करतोय' असं लिहून गायब." इथे ते पुन्हा हसले.

त्यांना खरा धक्का बसला होता तो मात्र दुसऱ्याच गोष्टीने. बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीने काकांचं चॅट उघडलं, तर नावाखाली 'ऑनलाइन'. क्षणभर त्यांचा श्वास अडकला. काकांच्या मुलीने फोन उघडला होता, इतकंच. पण ती तीन-चार सेकंदं त्यांच्या मनातून जात नव्हती. त्यानंतर ते रात्री उठून ते चॅट बघायचे आणि स्वतःला वेडा म्हणायचे. यात वेड नाही. ज्या जागी माणूस भेटायचा त्याच जागी त्याला शोधायला मन जातं. फक्त एरवी ती जागा खोली असते, खुर्ची असते, ती हळूहळू बदलते. इथे फोटो तोच, शेवटचं वाक्य तेच. जागेवर काहीच बदलत नाही, त्यामुळे मनाला खबर उशिरा पोचते.

मी त्यांना म्हटलं, चोरून बघू नका, उघड बघू. पुढच्या वेळी फोन घेऊन या आणि काकांचे तुम्हाला आवडणारे मेसेज मला वाचून दाखवा.

त्यांनी पहिला निवडला तो ग्रुपवरच्या फजितीचा. यांनी एकदा उत्साहाने टाकलं होतं की रात्री साडेअकराला बुध पाहिला. बुध सूर्यापासून जास्तीत जास्त 28 अंशांच्या आसपास लांब जातो, म्हणजे तो संध्याकाळी किंवा पहाटेच दिसायचा. काकांनी लिहिलं होतं: "साडेअकराला बुध दिसला असेल तर आधी पृथ्वी कुठे गेली ते बघा." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

"वाईट वाटलं असेल."

"तेव्हा? खूप. ग्रुप सोडणार होतो."

"मग का नाही सोडलात?"

त्यांनी दुसरं चॅट उघडलं, खाजगी. त्याच रात्री एकच्या सुमाराला काकांनी विचारलं होतं: कुठल्या दिशेला? हात लांब करून मुठी मोजल्यास क्षितिजापासून किती मुठी वर? (हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, हे मलाही त्या दिवशी कळलं.) रंग कसा? लुकलुकत होता का? यांनी उत्तरं दिली होती: पश्चिमेला, तीन मुठी, नारिंगी, थोडा लुकलुकणारा. त्यावर काकांचा लांबलचक मेसेज. ग्रह सहसा लुकलुकत नाहीत इथपासून सुरुवात, मग त्या तारखेचा आणि वेळेचा आकाशाचा नकाशा लावून काढलेला निष्कर्ष: तुम्ही स्वातीचा तारा पाहिलात. शेवटची ओळ: "चूक चांगली होती. बघितल्याशिवाय अशी चूक होत नाही."

ती ओळ त्यांना पूर्ण वाचता आली नाही.

अशा वेळी मी काही बोलत नाही. नव्या समुपदेशकांना शिकवताना मी हेच सांगते, की पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचीही घाई करू नका. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "रात्री एक वाजता बसून त्यांनी माझी चूक तपासली होती. मॅडम, माझं काही इतकं लक्षपूर्वक कोण वाचतं?"

मी एवढंच विचारलं, "आता लिहायला बसलात की काय होतं?"

"लिहीतच नाही. कशाला लिहू? चूक कोण काढणार?"

नेमका प्रश्न नेमक्या क्षणी सुचणं ही वर्षांची कमाई असते, असं म्हटलं तर थोडी आढ्यता होईल, पण ती मी पत्करते. कारण त्या प्रश्नाने दुःखाचा पत्ता सापडला. काका गेले हे तर झालंच, पण काकांच्या नजरेखाली लिहिणारा, तपासून बोलणारा, चुकायला न घाबरणारा एक माणूसही त्यांच्यात गप्प झाला होता. बुद्धिमान आणि फटकळ माणूस गेला की त्याच्याभोवतीचे लोक हळहळतात, ते बहुतेक वेळा या कारणाने. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. आपलं म्हणणं शेवटपर्यंत वाचून मग त्यातली चूक दाखवणारा एखादाच भेटतो. बायकोला हे त्यांनी घरी जाऊन सांगितलं, बुधाच्या किश्शासकट. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" आधी त्यांनाच माहीत नव्हतं.

आता ग्रुपबद्दल थोडं, कारण हे दुःख एकट्याचं नसतं आणि गडबडी तिथेच जास्त होतात. पहिल्या तासात फुलं आणि हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडतो, संध्याकाळी कुणीतरी विनोद टाकतं आणि भांडण पेटतं. दुःखाचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. विनोद टाकणाऱ्याला काही वाटत नाही असं धरून चालू नका. कुणीतरी शोकाच्या पाच पायऱ्यांचा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) तक्ताही पाठवतं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नाही. मी कोणत्या पायरीवर आहे, हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकावा लागतो.

कुटुंबाला जरूर लिहा, पण "फार मोठे होते" असं नको. घडलेला एक प्रसंग लिहा. घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं की आपला माणूस फोनमध्ये डोकं घालून नेमकं काय करत होता. नॉर्वेच्या मॅट्स स्टीनचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. स्नायूंच्या दुर्धर आजाराने 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा एकटा पडला, ऑनलाइन खेळात आयुष्य गेलं, असं आईवडिलांना वाटत होतं. बातमी कळवल्यावर देशोदेशींहून पत्रं आली, त्याच्याबरोबर खेळणारे काही जण अंत्यविधीला हजर झाले. खाजगी मेसेज मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय चार लोकांत टाकू नका. माणूस गेला म्हणून त्याचं खाजगी सार्वजनिक होत नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. वापर थांबला की साधारण 120 दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅप खातं काढून टाकतं. मग एक दिवस सभासदांच्या यादीत ते नाव नसतं, आणि सावरलेले लोक पुन्हा हादरतात. अ‍ॅडमिनने हे आधीच सांगून ठेवावं. आमच्या गृहस्थांनी ते काम स्वतःकडे घेतलं. काकांनी समजावून सांगितलेल्या गोष्टी विषयवार वेगळ्या काढून ठेवायलाही त्यांनी सुरुवात केली, घरच्यांच्या परवानगीने.

महिने उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ त्याच विचारात जात असेल, रोजचं काम बंद पडलं असेल, तर मदत घ्या. आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात सहा महिन्यांच्या पुढे लांबलेल्या अशा शोकाला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. आपणही नसावं असं वाटू लागलं तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा.

राहता राहिली एक बाजू, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिरकस जिभेचे घाव काहींना खरोखर बसलेले असतात, आणि त्यांच्या मागोमाग एकांतात समजावणारा मेसेज आलेला नसतो. दुसऱ्याच एका ग्रुपमधल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. तिथल्या अशाच एका विद्वान सभासदाने त्यांना वर्षापूर्वी सर्वांसमोर गप्प केलं होतं. तो गेल्यावर सगळे त्याच्या मोठ्या मनाबद्दल लिहीत होते आणि यांना आतून सुटल्यासारखं वाटत होतं, मग त्याचा अपराधीपणा. माणूस गेल्याने त्याचं वागणं बदलत नाही, आणि तुम्हाला लागलेलं खोटं ठरत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"मग मी श्रद्धांजलीत काय लिहू?"

"काहीच लिहू नका. ग्रुपमध्ये आहात म्हणून फूल टाकलंच पाहिजे, असा नियम कुठे आहे?"

त्यांनी नाही टाकलं. कुणी विचारलंही नाही.