भयपटाच्या दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणामागचा तुमचा सर्वात आवडता किस्सा कोणता?

'ईव्हिल डेड २' या अमेरिकन भयपटात तळघरातली पछाडलेली बाई हवेत गरागरा फिरते, तेव्हा तिच्या कानातून पाणी गळताना दिसतं. ते पाणी म्हणजे बाईच्या रबरी कवचाच्या आत असलेल्या नटाचा घाम. चित्रपट १९८७ साली आला आणि तो घाम आजही त्या दृश्यात आहे. माझ्यासाठी सगळ्या किस्स्यांमध्ये हाच पहिला.

का, ते सांगते. मी मुंबईत मेकअप विभागात प्रोस्थेटिकचं, म्हणजे अंगावर चिकटवायचे खोटे अवयव आणि कातडी बनवायचं काम करते. जखमा, भाजलेली कातडी, म्हातारपण, भुतं. साचे काढायला शिकले ते परळला, काकांच्या गणपतीच्या कारखान्यात. प्लास्टर किती पातळ हवं, साचा कुठे चिकटतो, कधी उघडायचा, हे हाताला तिथेच कळलं. पुढे गोरेगावच्या चित्रनगरीत एका ज्येष्ठ मेकअप दादांकडे फोम लॅटेक्स शिकले. रबराचं दूध फेटून त्याचा फेस करायचा, साच्यात ओतायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. हाताला स्पंजासारखं मऊ लागतं, अंगावर खऱ्या मांसासारखं हलतं. पण आतली उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही.

'ईव्हिल डेड २' मधल्या त्या बाईचं, हेन्रिएटाचं, पूर्ण अंगाचं कवच मार्क शोस्ट्रोमने बनवलं होतं. ते घातलं दिग्दर्शक सॅम रेमीच्या धाकट्या भावाने, टेडने. वय वर्षं वीस आणि भूमिका एका जाडजूड, कुजलेल्या म्हाताऱ्या बाईची. चित्रीकरण १९८६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या वेड्सबरो गावात झालं. चित्रपट ज्या जंगलातल्या लाकडी घरात घडतो, त्याचा आतला भाग खरा नाही, तिथल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत उभारलेला सेट आहे. वर दिवे, खाली तापलेली हवा. पारा ११० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशोबाने ४३ अंशांवर गेला होता. टेडच्या कवचात इतका घाम साठायचा, की मेकअपवाले तो कागदी कपांत ओतून काढायचे. आणि एकदा त्याने स्वतःच कानातून वाट काढली.

मुंबईत पारा तेवढा चढत नाही, पण दमट हवा त्याची कसर भरून काढते. मे महिन्यात एका मालिकेसाठी आम्ही एका मुलाला हडळ केलं होतं. एकांकिका स्पर्धांमधून आलेला, अंगाने काटकुळा, कामाचा भुकेला. मेकअपलाच साडेतीन तास. हात बोटांपर्यंत चिकटवलेले असल्यामुळे त्याला बाटली धरता येत नव्हती. इलेक्ट्रालचं पाणी मी स्ट्रॉने पाजत होते. फ्लोअरवर एसी नव्हता, आवाज येतो म्हणून पंखेही बंद. दुपारनंतर हनुवटीखालचा गोंद सुटायला लागला आणि तिथून घामाची धार आली. सेटवर कुणीतरी ओरडलं, "अरे, भुताला घाम येतोय, पुसा!" मी पुसला. दर टेकला पुसला.

तुम्ही खास दुसऱ्या भागाबद्दल विचारलंय म्हणून आणखी थोडं लिहिते, कारण हा भाग बनला तो अडचणींमधूनच.

पहिला 'ईव्हिल डेड' गाजला, पण त्यानंतरचा सॅम रेमीचा 'क्राइमवेव्ह' पडला. दुसऱ्या भागाला पैसे मिळेनात. त्याच सुमारास भयकथांचा लेखक स्टीफन किंग नॉर्थ कॅरोलायनातच 'मॅक्झिमम ओव्हरड्राइव्ह' दिग्दर्शित करत होता. पहिल्या भागाचं त्याने आधीच भरभरून कौतुक केलं होतं. रेमीच्या मंडळींचं अडलंय हे त्याच्या कानावर गेलं आणि त्याने आपल्या निर्मात्याला, दिनो दे लॉरेंटिसला, थेट फोन केला. रेमीला खरं तर नायकाला मध्ययुगात न्यायचं होतं. निर्मात्याला पहिल्यासारखंच काहीतरी हवं होतं. मध्ययुगाची हौस पुढे तिसऱ्या भागात, 'आर्मी ऑफ डार्कनेस' मध्ये फिटली.

सुरुवातीची काही मिनिटं बघून बरेच जण गोंधळतात. हा पुढचा भाग की पहिलाच पुन्हा केलेला? मागची गोष्ट आठवण म्हणून दाखवायची होती, पण पहिल्या चित्रपटाचे हक्क देशोदेशी वेगवेगळ्या वितरकांना विकलेले. स्वतःचीच दृश्यं वापरायची सोय नव्हती. मग त्यांनी ती कथा आटोपशीर करून पुन्हा चित्रित केली. मित्रमंडळींची पात्रं गळाली, उरले फक्त नायक आणि त्याची मैत्रीण, तीही नव्या अभिनेत्रीने केलेली.

रक्ताची गोष्ट मला जास्त जवळची. पहिल्या भागात कॉर्न सिरपमध्ये खाण्याचा रंग घालून रक्त केलं होतं. आपल्याकडे साखरेच्या पाकात किंवा ग्लिसरीनमध्ये रंग कालवतात, तसंच. दुसऱ्या भागात मात्र रक्त कधी काळं येतं, कधी हिरवं. लाल रक्ताचे पाट वाहिले असते तर तिथल्या प्रमाणन मंडळाने 'एक्स' दर्जा दिला असता, आणि तो म्हणजे बहुतेक थिएटरांची दारं बंद. म्हणून रंग बदलून बघितले. तरीही जमणार नाही असं दिसलं, तेव्हा रोझबड रिलीजिंग नावाची वेगळी वितरण कंपनी काढून चित्रपट प्रमाणपत्राशिवाय लावला. पण त्या काळ्या-हिरव्या रक्तानेच या चित्रपटाला त्याचं वेडं रूप दिलं, असं मला मनापासून वाटतं. लाल रक्ताने अंगावर काटा येतो. हिरवं रक्त बघताना भीती आणि हसू एकाच वेळी येतात, आणि या दोन्हींना एकत्र सांभाळणं फार कमी जणांना जमलंय.

नायक ब्रूस कॅम्पबेलचा हात पछाडला जातो, तो प्रसंग बघाच. स्वतःच्याच डोक्यावर बशा फोडणारा, स्वतःला जमिनीवरून ओढत नेणारा हात त्याचा स्वतःचाच आहे. कुणी बाहेरून ओढत नाही. नुसत्या शरीराने केलेलं असं काम मी रंगभूमीवरही क्वचित बघितलंय.

तळघरात दाराच्या वर वेस क्रेव्हनच्या 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या भयपटातल्या खुनी फ्रेडीचा पात्यांचा हातमोजा टांगलेला दिसेल. दोन दिग्दर्शकांची ती जुनी थट्टा. वेस क्रेव्हनने 'द हिल्स हॅव आइज' मध्ये 'जॉज'चं फाटलेलं पोस्टर दाखवलं, रेमीने पहिल्या 'ईव्हिल डेड' मध्ये क्रेव्हनच्या त्या चित्रपटाचं पोस्टर फाडलं, क्रेव्हनने 'एल्म स्ट्रीट' मध्ये टीव्हीवर 'ईव्हिल डेड' लावला आणि रेमीने हातमोजा टांगला.

आणि मेकअपच्या त्या टीममधले तिघे, रॉबर्ट कर्ट्झमन, ग्रेग निकोटेरो आणि हॉवर्ड बर्गर, यांनी १९८८ साली 'केएनबी' ही स्वतःची संस्था काढली. 'द वॉकिंग डेड' या मालिकेतले मेलेले लोक तिच्याच हातचे. कपांनी घाम उपसणारी हीच ती मंडळी.

आमच्या त्या मुलाचं पॅकअप रात्री साडेदहाला झालं. व्हॅनमध्ये मी त्याच्या मानेवरचा गोंद तेलाने हळूहळू सोडवत होते. खाली कातडी लाल झालेली. त्याचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून फोनवर हेन्रिएटाचं ते दृश्य लावून दिलं आणि म्हटलं, कानाकडे बघ. त्याने बघितलं. मागे घेऊन पुन्हा बघितलं. मग विचारलं, "ताई, आत कोण होतं? त्याचं नाव येतं का शेवटी?"

आमच्या मालिकेत त्याचं नाव येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"येतं," मी म्हटलं आणि श्रेयनामावलीपर्यंत पुढे नेऊन दाखवलं. पछाडलेली हेन्रिएटा: थिओडोर रेमी.