'हेज स्कूल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: आयर्लंडच्या इतिहासावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'हेज स्कूल'साठी (कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी असताना तिथे आडोशाला भरणाऱ्या शाळेसाठी) 'कुंपणशाळा' आणि तिथल्या शिक्षकासाठी 'पंतोजी' हे शब्द चालतील का?

'कुंपणशाळा' मला पटत नाही. हा शब्द ऐकला की भोवताली पक्कं कुंपण घातलेली शाळा डोळ्यांपुढे येते, आणि या शाळांना तर सुरुवातीला भिंतही नव्हती. 'हेज'ला, म्हणजे झुडपांच्या कुंपणाला, मराठीत 'वई' हा चांगला शब्द आहे, पण तो कोकणाबाहेर फारसा कळणार नाही. अशा वेळी इंग्रजी शब्द बाजूला ठेवून मूळ भाषेकडे जावं. आयरिशमध्ये या शाळेला 'स्कॉल खॉश क्ली' म्हणतात. 'क्ली' म्हणजे शेताच्या कडेचा मातीचा किंवा दगडांचा बांध. त्यावर बहुधा झुडपं माजलेली असतात. आणि 'खॉश' आलाय 'कॉस'पासून, ज्याचा अर्थ पाय! पायाशी, म्हणून शेजारी. आपला 'पायथा' याच वाटेने आलेला. म्हणजे ही शब्दशः बांधाच्या पायथ्याची शाळा.

तरीही मी 'बांधाआडची शाळा' असं लिहीन, कारण त्या 'आड'मध्ये इतिहास आहे. 1695च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी केली. 1709 साली तर कॅथलिक शिक्षक पकडून देणाऱ्याला 10 पौंडांचं बक्षीस ठरलं. म्हणून मुलं बांधाच्या आडोशाला बसत. 1782नंतर कायदा सैल झाला, शाळा खोपटांत आणि कोठारांत भरू लागल्या, पण नाव तेच राहिलं. अनुवादात हा फरक सांभाळायला हवा: 1820च्या दशकातल्या शाळेचं वर्णन असेल तर मुलांना उघड्यावर बसवू नका.

आता शिक्षक. 'पंतोजी'चा मोह मला कळतो. आपल्या गावठी शाळेतले पंतोजीही सरकारी पगारावर नसत, गावाने दिलेल्या धान्यावर आणि फीवर त्यांचं चाले. आयर्लंडमध्येही पालक जमेल तशी फी देत, कधी पैशात, कधी वस्तूंच्या रूपात. पण 'पंत' म्हटलं की एक विशिष्ट समाज डोळ्यांपुढे येतो. तो आयर्लंडच्या खेड्यात नेऊन बसवू नये.

सरळ 'मास्तर' लिहा. आयरिश लोक त्याला 'माश्तिर' म्हणत. आपला 'मास्तर' इंग्रजीतून आला, पण दोन्हींचं मूळ लॅटिन 'मॅजिस्टर'. आणि पोर्तुगीज 'मेस्त्र'मधून आलेला आपला 'मिस्त्री'सुद्धा त्याच घरातला! शिवाय 'मास्तर'मध्ये जो गावचा आदर आणि धाक आहे, तो तिथेही होता. हे मास्तर साधे नव्हते. 'मध्यरात्रीचं न्यायालय' हे आयरिशमधलं गाजलेलं दीर्घकाव्य लिहिणारा ब्रायन मेरिमन क्लेअर परगण्यात मास्तरकी करत होता. कवी ओवेन रुआ ओ सुलिवाननेही शाळा चालवली. काही ठिकाणी लिहिणं-वाचणं-हिशोबाच्या पुढे जाऊन जमीनमोजणी आणि लॅटिनही शिकवत.

लेखात बहुधा 'टर्फ'ही येईल. शेकोटीसाठी मुलं तो घरून आणत. त्याला 'गोवरी' म्हणू नका. दलदलीतून कापून वाळवलेला तो मातीसारखा जळणाचा तुकडा, त्यात शेण नसतं. 'पीटची ढेकळं' लिहिलं की पुरे.