शेजारच्या आजींचं सूप आणि रक्त पातळ करणारी गोळी

प्रश्न : आम्ही सिंगापूरला राहतो. सासूबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे, वॉरफरिन रोज चालू असतं. शेजारच्या चिनी आजी मायेने डांग ग्वेई आणि गोजी बेरी घातलेलं कोंबडीचं सूप पाठवतात. त्यांना देऊ का?

उत्तर : नको, ताई. हे सूप सासूबाईंना अजिबात देऊ नका. डांग ग्वेई हे कोथिंबिरीच्या कुळातलं मूळ. चिनी घरांत ते बाळंतिणीला आवर्जून देतात, पण वॉरफरिनसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. गोजी बेरीमुळेही आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, चढल्याच्या नोंदी आहेत. डानशेन हे चिनी औषधी मूळही टाळा. जिनसेंग हे मूळ उलट गोळीचा असर कमी करू शकतं, आणि कृत्रिम झडप असताना त्यावर गुठळी होऊ शकते म्हणून मला त्याचीही तितकीच भीती वाटते.

सूप आधीच दिलं असेल तर गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगून आयएनआर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग किंवा काळी शौच दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आजींना मात्र स्पष्ट सांगा, त्यांना वाईट वाटणार नाही. कोंबडी, कांद्याची पात आणि आल्याचे दोन-चार काप घालून तेच सूप त्या करून देतील. घरची मेथी-पालक चालेल, फक्त प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा, कारण त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. चिनी वैद्यांकडे जायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्य निवडा आणि गोळ्यांची यादी सोबत न्या.