‘ग्रासियास’ म्हणालात, तिथंच चुकलं

ब्युनोस आयर्सच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न बरेच आहेत, पण मी अडकले ती या ओळींवर: "शाळेतल्या मुलांच्या आया बागेत माते (इथला कडू पाल्याचा चहा, एकच भांडं आणि नळी सगळ्यांत फिरते) पीत बसतात. पहिल्या दिवशी मला दिलं. एक घोट घेतला, हसून ग्रासियास म्हटलं आणि परत केलं. त्यानंतर कुणी विचारलंच नाही. आपण इथं कायम परक्याच का?"

अहो, तुम्हाला परकं कुणी केलं नाही. ‘ग्रासियास’ म्हणजे एरवी ‘धन्यवाद’, पण माते पिण्याच्या बैठकीत त्याचा अर्थ ‘मला आता पुरे’. पंगतीत आपण पानावर हात आडवा धरतो ना, तसंच. मग वाढणारा पुढे गेला तर त्याला का बोल लावायचा? हवं असेल तेव्हा काही न बोलता प्यायचं, आणि एक घोट नाही, तळाशी सुर्र आवाज येईपर्यंत. मग भांडं ओतणाऱ्याकडे, म्हणजे सेबादोरकडे परत द्यायचं. शेजारणीच्या हातात द्यायचं नाही. आणि ती धातूची नळी, बोम्बीशा, चमच्यासारखी ढवळायची तर मुळीच नाही.

पण ताई, खरी अडचण तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलीत: "एकच नळी सगळ्यांच्या तोंडात, मला उष्टं जमत नाही." हे आधी लिहायचं की! यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही अर्जेंटिनातच रोसारिओला होतो तेव्हा सासूबाई तीन महिने येऊन राहिल्या. सोवळं कडक. शेजारच्या अंगणात भांडं फिरायला लागलं की त्या उठून आत जायच्या. एक दिवस मला विचारलं, "पहिलं कोण पितं?" म्हटलं, ओतणारा, पहिलं पाणी फार कडू उतरतं म्हणून. "मग मी ओतते."

आणि शिकल्या हो! भोपळ्याचं भांडं पाऊण भरायचं, शेर्बा, म्हणजे मातेचा सुका पाला, एका बाजूला तिरकी करायची, नळीच्या कडेनंच पाणी सोडायचं, आणि पाणी उकळू द्यायचं नाही, नाहीतर पाला करपतो. पहिलं स्वतः प्यायच्या, नंतर फक्त ओतायच्या. कुणाला वावगं वाटलं नाही, उलट शेजारणी त्यांच्या हातचं मागून घ्यायच्या. तेही जमत नसेल तर स्वतःचं भांडं न्या. २०२० च्या साथीनंतर तिथंही कितीतरी जण आपापलं घेऊन बसतात. पण बसा. घरात बसून "परक्या" म्हणून रडू नका.

बाकीचं थोडक्यात. गालाला गाल लावणं हा तिथला नमस्कार आहे, यजमानांना सांगा की एकदाच, उजवा गाल, संपलं. रात्री दहाच्या जेवणाआधी मुलांना सहाला नीट खाऊ घाला. असादोला, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायच्या मेजवानीला, प्रोवोलेता मागा, निखाऱ्यावर भाजलेलं चीज असतं, आणि मांस भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजतील तेव्हा तुम्हीही वाजवा. माते पिताना येणाऱ्या ‘बिस्कोचितोस दे ग्रासा’ या खाऱ्या बिस्किटांपासून मात्र जपा, त्यात बहुधा गाईची चरबी असते. आमच्या मुलानं वर्षभर खाल्ल्यावर आम्हाला कळलं.

२० जुलैला तिथं मित्रदिन असतो. त्याच्या आत एकदा थर्मास भरून बागेत जा, आणि या वेळी तुम्ही ओता. काय झालं ते मला कळवा.