मऊ पडलेला तळ आणि मे महिन्यातलं रेझिन
वाचकांचे प्रश्न: जुन्या शिडाच्या होडीची घरची दुरुस्ती

प्रश्न (मांजलपूर, बडोदा): मुंबईहून प्लायवूडची जुनी एंटरप्राइज जातीची शिडाची होडी आणली आहे. बारा पावसाळे ती ताडपत्रीखाली सुलटी पडून होती. सेंटरबोर्डच्या (मधून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) पेटीच्या दोन्ही बाजूंना तळ अंगठ्याने दाबला की दबतो. सुतार म्हणतो, सगळा तळ बदला. होडी देणारे म्हणाले, पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) ओता, दगडासारखा होईल. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको. सडलेल्या लाकडात एपॉक्सी मुरतं आणि वरून कडकही लागतं, पण सडलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत, ताकद परत येत नाही. आणि सगळा तळ काढायची वेळ क्वचितच येते.

आधी होडी भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन वजन करा. सव्वातेरा फुटी एंटरप्राइजचा रिकामा सांगाडा 90 ते 95 किलोंचा असायला हवा. काटा 110च्या पुढे गेला, तर जास्तीचं बहुतेक पाणीच आहे, किंवा आधीच्या कोणीतरी थापलेली पुट्टी. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन सगळ्या तळावर टकटक करत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. शंकेच्या जागी टोच्या खुपसा आणि खडूने हद्द आखा. तीन जागा जास्त नेटाने पाहा: ट्रान्समचा (मागच्या सपाट फळीचा) खालचा काठ, पेटीच्या दोन्ही बाजू आणि पुढचं टोक. पेटी ज्यावर बसते त्या मधल्या कण्याच्या अर्ध्याहून अधिक लांबीभर टोच्या सहज घुसत असेल, तर ही होडी सोडून द्यावी असं आमचं मत आहे. कणा टणक असेल, तर बाकीचं घरी होण्यासारखं आहे.

सुलट्या होडीत साठलं ते पावसाचं पाणी, आणि लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात जोरात वाढते. ताडपत्री घट्ट बांधलेली असली की वाराही बंद होतो. मात्र पेटीच्या बुडालाच तळ मऊ पडलाय, तेव्हा पेटीचा सांधाही गळत असणार. तो बंद न करता प्लाय बदललात, तर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तिथेच याल. तपासायला पेटीची खालची फट चिकटपट्टीने बंद करा, पेटीत नीळ घातलेलं पाणी ओता आणि तासभर आतून बघा. निळी रेघ उमटेल तिथे गळती.

मग वाळवण. घाई होते ती इथे. दमट लाकडावर एपॉक्सी धरत नाही आणि आत कोंडलेलं पाणी काम चालूच ठेवतं. सगळा रंग काढा, होडी सावलीत वारा खेळेल अशी ठेवा. कापून काढलेल्यातला (कापायचं कसं ते पुढे आहे) टणक भागाचा एक तुकडा तिच्याजवळच ठेवून रोज ग्रॅमच्या काट्यावर तोला. सलग तीन-चार दिवस वजन उतरलं नाही की लाकूड वाळलं समजा. बडोद्यात हे सगळं दिवाळीनंतर काढावं आणि होळीच्या आत संपवावं.

कापताना खडूच्या रेघेच्या 10 सेंटिमीटर बाहेरून कापा. तिथपर्यंत बुरशीचे धागे पोचलेले असतात, नुसते दिसत नाहीत. नवा प्लाय आयएस 710 शिक्क्याचा मरीनच घ्या. आयएस 303चा फर्निचरचा प्लाय पाण्यात टिकणार नाही. जुन्या आणि नव्या दोन्ही कडांना 1 ला 8 असा उतार द्या, म्हणजे 6 मिलिमीटर प्लायला 48 मिलिमीटर रुंद उतार. धारदार रंध्याने तो नीट निघतो. प्लायचे थर पट्ट्यांसारखे दिसतात. त्या पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या असल्या की उतार बरोबर.

दोन्ही उतारांना आधी नुसतं पातळ एपॉक्सी लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. लाकडाने पिऊन टाकलं तर पुन्हा लावा. नंतर त्याच एपॉक्सीत फ्यूम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड) घालून घट्ट श्रीखंडाइतकं करा आणि भरा. सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगा: फेविकॉलच्या सवयीने क्लॅम्प करकचून आवळायचा नाही. सगळं एपॉक्सी बाहेर निघून जातं आणि सांधा कोरडा राहतो. काठाने थोडं बाहेर डोकावलं की थांबायचं. क्लॅम्पखाली प्लास्टिकचा कागद घालायला विसरू नका.

पेटीच्या सांध्यातली जुनी पुट्टी हॅकसॉच्या पात्याने 3-4 मिलिमीटर खोल खरवडून काढा, वाळवा, घट्ट एपॉक्सी भरा आणि कोपऱ्यात साधारण 20 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई ओढून तिच्यावर 75 मिलिमीटर रुंदीची काचेच्या कापडाची पट्टी बसवा. पितळी स्क्रू निघाले तर मोडून पाहा. आतून गुलाबी आणि ठिसूळ असतील तर खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाल्लंय, सगळेच बदला.

बाहेरून तळाला एपॉक्सीचे तीन हात द्या. सात चौरस मीटरला तीन किलोंच्या आसपास लागेल, जोडकामाचं वेगळं. दर थर सुकल्यावर वर मेणचट ओशट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मग पॉलिश पेपर मारा. न धुता घासलात तर तो आत चोळला जातो आणि वरचा रंग सोलपटून निघतो. उन्हात एपॉक्सी पिवळं पडून खडूसारखं होतं, म्हणून वर रंग हवाच.

प्रश्न (कारेलीबाग, बडोदा): आमची होडी फायबरची आहे, बाजूला वीतभर भोक पडलंय. रेझिनवाला म्हणतो, पाण्याच्या टाकीला लागतं तेच पॉलिएस्टर रेझिन चालेल. चालेल का? सुट्टी मे महिन्यातच मिळते.

उत्तर: फायबरला चालेल. लाकडाला नाही, तिथे ते काही वर्षांत सुटून येतं. आणि ज्या जागी आधी एपॉक्सी लावलंय तिथे पॉलिएस्टर लावू नका, धरत नाही. उलट चालतं: पॉलिएस्टरवर एपॉक्सी.

भोकाच्या कडा 1 ला 12 उताराने घासा. जाडी 4 मिलिमीटर असेल तर चहूबाजूंनी 5 सेंटिमीटर. काचेच्या धाग्यांची, चौरस मीटरला 450 ग्रॅमची मॅट थराथराने बसवा, सर्वांत मोठा तुकडा आधी. ही मॅट पॉलिएस्टरसाठीच असते. तिच्यातला बाइंडर (धागे चिकटवून ठेवणारा पदार्थ) एपॉक्सीत विरघळत नाही.

हार्डनर किलोला 10 ते 20 ग्रॅम. मे महिन्यात 10च्या जवळ राहा, पण त्याखाली जाऊ नका, रेझिन कायमचं कच्चं राहतं. एपॉक्सीत ही मुभा अजिबात नाही, डब्यावरचं प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यायचं. काम सकाळी नऊच्या आत उरका आणि एका वेळी पाव किलोच मिसळा. जास्त मिसळलं तर ते डब्यातच तापून धुरावतं. रेझिन पसरट ताटलीत ओतलं की उष्णता निघून जाते. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव) वेगळं दिलं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधीही येऊ देऊ नका, भडका उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे.

शेवटचा हात चिकट राहिला तर घाबरू नका. हवा लागते तिथे हे रेझिन पूर्ण सुकत नाही, म्हणून वरच्या थरात मेणाचं द्रावण घालतात.

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): मास्टच्या (डोलकाठीच्या) तारांवर तांबूस डाग आहेत. अलंगच्या (जिथे जुनी जहाजं मोडतात) जुन्या बाजारातून तार आणि शॅकल (तार अडकवायच्या कड्या) आणावेत का? लोहचुंबक लावून घेतलं तर पुरे ना?

उत्तर: चुंबकाने काही कळत नाही. 304, 316 आणि रेलिंगवाले वापरतात ते 202, स्टेनलेस स्टीलच्या या तिन्ही जातींना तो जवळजवळ सारखाच लागत नाही. हवंय 316. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तेच टक्कर देतं. स्टीलच्या बाजारात मॉलिब्डेनम तपासायचं द्रव मिळतं, 9 व्होल्टच्या बॅटरीवर थेंबाने चाचणी होते.

नुसता डाग कापडाने निघत असेल तर तार चांगली. पण टोकाच्या दाबलेल्या जोडाजवळ कापूस फिरवा. धागा अडकला म्हणजे पीळ तुटलाय, मग दोन्ही बाजूंच्या तारा एकदमच बदला. तार नवीच घ्या, 19 पदरी, जुनीच्याच जाडीची. अलंगहून शॅकल, क्लीट (दोर अडकवायचे खुंट), कप्प्या खुशाल आणा, पण बहुतेक माल जहाजांचा, तुमच्या होडीला जड. दोर आणि लाइफ जॅकेट तिथून आणू नका, उन्हाने किती खाल्लंय ते वरून दिसत नाही.

अॅल्युमिनियमच्या मास्टवर स्टीलचे रिव्हेट असतील तर त्यांच्याभोवती पांढरी भुकटी शोधा. दिसली तर मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट बसवा, मध्ये झिंक क्रोमेट पेस्ट लावा.

प्रश्न (अलकापुरी, बडोदा): होडी तयार आहे. आजव्याला उतरवू का?

उत्तर: आजवा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे आणि त्यात मगरी आहेत. महानगरपालिकेच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि तळाला शेवाळमारक रंग लावलेली होडी तर तिथे मुळीच नको. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरहून अधिक जातो, पाणी ओढ्यासारखं पळतं. लहान होडीचं ते काम नाही. भोपाळच्या बड्या तलावावर शिडाच्या होड्या चालतात, ट्रेलर तिकडे न्या.

कुठेही उतरवा, आधी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम उलटवून हवेच्या टाक्या तपासा. एका लिटर हवेला साधारण एक किलो आधार मिळतो. टाकी गळते का ते पाहायला तोंडानेच हळू फुंकून सांध्यांना साबणाचं पाणी लावा, कंप्रेसर लावलात तर टाकी फाटेल. आणि मास्ट उभा करण्याआधी काठावर डोक्यावरच्या विजेच्या तारा बघा. अॅल्युमिनियमचा मास्ट त्यांना टेकला तर होडी धरलेला माणूस वाचत नाही.