समुद्रकाठी पावसाचे आठ दिवस

प्रश्न : जुलैत सहकुटुंब वेंगुर्ल्याला आठ दिवस जायचंय. कपडे वाळतील का? मासे मिळतील का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : जीन्स घरीच ठेवा. खारं पाणी लागलेले कपडे आधी गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून ते चिकटच राहतात. मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली दोरीवर वीतभर अंतराने टाका. 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा सुरमईचा हट्ट नको. खाडीचे मासे नि सुकट काय वाईट? पोरांना मात्र गुडघाभर पाण्यातही सोडू नका, परतणारी लाट पायाखालची वाळूच ओढून नेते. आंबोली घाट उजेडीच उतरा, धुक्यात वळणं दिसत नाहीत.